आपले माणूस शहरात असताना



डिंगोरे, उदापूर, ओतूर, मढ या आपल्या पट्ट्यात असे घर विरळाच, ज्यातले एखादे तरी माणूस मुंबई, ठाणे, कल्याण किंवा पुणे-पिंपरीला गेलेले नाही. माळशेज घाट उतरला की मुरबाड, कल्याण आणि पुढे मुंबई, हा रस्ता आपल्या पायांखालचा आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांतील माणसांनी मुंबईत जेवणाचे डबे पोचवले, बाजारात पाठीवर गोण्या वाहिल्या, गिरण्यांत पाळ्या केल्या. आता त्यांची मुले-नातवंडे कंपन्यांत, दवाखान्यांत, कॉलेजांत आहेत. त्यामुळे शहरात दगडफेक सुरू झाली, संचारबंदी लागली, की इथे आपल्या घरात जेवणाचे ताट तसेच राहते. आईचे लक्ष फोनकडे, बापाचे टीव्हीकडे.

अशा वेळी कोणीतरी भेटायला येते आणि म्हणते, "देवावर विश्वास आहे ना? मग काळजी कशाला करता?" बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ऐकणाऱ्या आईला वाटते, आपली श्रद्धाच कमी पडली. मुलाची काळजी होतीच, आता तिच्यावर पापाचे ओझे. या रविवारच्या पाठात आपण हाच प्रश्न घेणार आहोत. आपल्या माणसाची काळजी करणे हा अविश्वास आहे का? आणि काळजी वाटतेच आहे, तर त्या काळजीचे करायचे काय?

ते दीड महिने

६ डिसेंबर १९९२ हा रविवार होता, आगमनकाळाचा दुसरा रविवार. त्या रविवारच्या मिस्सेत यशया संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायाचे वाचन होते. लांडगा आणि कोकरू एकमेकांजवळ राहतील आणि लहान मूल त्यांना वळेल, असे चित्र त्यात आहे. त्याच दिवशी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. पहिला भडका काही दिवसांत शमला. नाताळ कसाबसा पार पडला. मग ६ जानेवारी १९९३ पासून दुसरा भडका उडाला, तो पहिल्याहून भयंकर, आणि तो २० जानेवारीपर्यंत चालला.

न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा चौकशी आयोग २५ जानेवारी १९९३ रोजी नेमला गेला आणि त्याने १६ फेब्रुवारी १९९८ रोजी अहवाल दिला. या दोन्ही पर्वांत मिळून ९०० माणसे मेली आणि २,०३६ जखमी झाली, असे त्या अहवालात नोंदले आहे. मेलेल्यांपैकी ३५६ पोलिसांच्या गोळीबारात, ३४७ सुरी-चाकूच्या वारांनी, ९१ जाळपोळीत आणि ८० जमावाच्या मारहाणीत गेले. बाकीचे खाजगी गोळीबार आणि इतर कारणांनी. हे आकडे आम्ही मुद्दाम देत आहोत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

आज जे पन्नाशीच्या पुढे आहेत त्यांना ते दिवस आठवतात. गावात फोन मोजके. पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर रांग लागे, आणि नंबर लागला तरी पलीकडे चाळीत फोन कोणाकडे? कोपऱ्यावरच्या दुकानात, नाहीतर मालकाच्या घरी. दुकान बंद म्हणजे फोनही बंद. तार करावी, तर संचारबंदीत ती वाटणार कोण? मग उरले आकाशवाणीच्या बातम्या, उशिरा हाती पडणारे वर्तमानपत्र आणि घाट चढून येणारी एसटी. बस थांब्यावर लागली की उतरणाऱ्या माणसाला गराडा पडे. त्याने पाहिलेले असे एक कल्याण स्टेशन, लोकांना मात्र त्याच्याकडून अख्ख्या मुंबईची खबर हवी असे.

बातम्यांत डोंगरी, मशीद बंदर, धारावी, जोगेश्वरी, बेहरामपाडा अशी नावे येत. ज्याचा भाऊ घाटकोपरला, त्याच्या म्हाताऱ्या आईला जोगेश्वरी तिथून किती लांब आहे हे काय ठाऊक? तिच्या लेखी सगळी मुंबई एकच होती आणि ती सगळीच्या सगळी जळत होती. ५ जानेवारीच्या रात्री डोंगरी भागातल्या एका गोदामात झोपलेल्या माथाडी कामगारांवर हल्ला झाला आणि त्यात माणसे मारली गेली. मुंबईतील माथाडी बहुतेक घाटावरचे. ही बातमी इकडे आली तेव्हा ज्या ज्या घरचा माणूस बाजारात हमालीला होता, त्या प्रत्येक घरात ती आपलीच बातमी म्हणून ऐकली गेली असणार. त्याच दिवसांत हजारो कुटुंबे गाठोडी बांधून आपापल्या मुलखाला निघाली होती आणि रेल्वे स्टेशनांवर पाय ठेवायला जागा नव्हती.

शहरातल्या लोकांनाही खरे काय ते कळत नव्हते. समुद्रातून हत्यारबंद माणसे उतरणार अशी हूल उठली आणि दादरच्या किनाऱ्यावर लोक रात्री पहारा देत बसले. कोणीही उतरले नाही. पण त्या रात्रींची भीती खरी होती, आणि भ्यालेला माणूस शेजाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहतो हे वेगळे सांगायला नको.

संत पौलही काळजीत होता

आता प्रेषितांच्या कृत्यांचा सतरावा अध्याय उघडा. थेस्सलनीका हे मोठे व्यापारी शहर. तिथे संत पौल आणि सीला यांनी शुभवर्तमान सांगितले आणि थोडे लोक श्रद्धावंत झाले. ज्यांना हे खपले नाही त्यांनी बाजारातली रिकामटेकडी माणसे गोळा केली आणि शहरात दंगल उसळवली. जमाव यासोनच्या घरावर चालून गेला. पौल तिथे सापडला नाही, म्हणून यासोनला आणि आणखी काही बांधवांना ओढत अधिकाऱ्यांपुढे नेले. त्यांच्याकडून जामीन घेऊन त्यांना सोडले. त्याच रात्री बांधवांनी पौल आणि सीला यांना गुपचूप बिरुयाला लावून दिले. तिथेही तेच लोक पाठलाग करीत आले, तेव्हा पौलाला अथेन्सला जावे लागले.

म्हणजे पौल सुखरूप होता आणि त्याची माणसे दंगलीच्या शहरात अडकली होती. यासोनचे काय झाले? घर राहिले की गेले? कोणी मारले गेले का? अथेन्समध्ये बसून त्याला काहीच कळत नव्हते. पुढे थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो स्वतःच सांगतो, की हे त्याला सहन होईना, तेव्हा अथेन्समध्ये एकटे राहणे पत्करून त्याने तीमथ्याला तिकडे पाठवले. तीमथ्य परत आला, सगळे टिकून आहेत अशी चांगली बातमी घेऊन आला, तेव्हा कुठे पौलाच्या जिवात जीव आला. त्या आनंदात त्याने ते पत्र लिहिले. बहुतेक अभ्यासकांच्या मते नव्या करारातले हे सर्वांत जुने लिखाण आहे, साधारण इ.स. ५० च्या सुमाराचे. तसे असेल तर आपल्या नव्या कराराचे पहिले पान दंगलीत अडकलेल्या माणसांच्या काळजीतून लिहिले गेले.

कोणी म्हणेल, याच पौलाने फिलिप्पैकरांना कशाचीच चिंता करू नका असे लिहिले ना? लिहिले. पण करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तोच पौल आपल्यावर आलेल्या फटक्यांची, दगडमाराची, जहाज फुटल्याची यादी देतो आणि शेवटी म्हणतो, की या सगळ्याहून वेगळे एक ओझे रोजचे आहे, सर्व ख्रिस्तसभांच्या काळजीचे. मूळ ग्रीक भाषेत दोन्हीकडचे शब्द एकाच कुळातले आहेत. पौल विसराळू नव्हता. फिलिप्पैकरांना त्याने सांगितले ते असे, की चिंता मनात कोंडून न ठेवता प्रार्थनेत आणि उपकारस्तुतीसह देवापुढे मांडा. चिंता मनात येणारच नाही असे आश्वासन त्याने कोणालाही दिले नाही. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात जी चिंता सोडायला सांगितली ती अन्नाची, वस्त्राची, उद्याच्या दिवसाची. तोच येशू यरुशलेम नगराकडे पाहून, पुढे त्या नगराचे काय होणार आहे हे जाणून, रडला. आणि बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत हरवला तेव्हा पवित्र मरिया आणि संत योसेफ यांनी नात्यागोत्यात विचारपूस केली, मग माघारी फिरून त्याला शोधले. त्यांच्या त्या तीन दिवसांना आपण कधी अविश्वास म्हणतो का?

तेव्हा घरी येऊन "काळजी कशाला" म्हणणाऱ्याला चहा द्या आणि विषय बदला. काळजी हा प्रेमाचाच भाग आहे. मात्र पौलाने काळजीपोटी काय केले ते नीट पाहा. तो स्वतः धावत गेला नाही. गेला असता तर जामीन राहिलेल्या यासोनवरच संकट आले असते, असे दिसते. वाटेत भेटेल त्याला त्याने विचारले नाही. ज्याच्यावर पूर्ण विश्वास आहे असा एक माणूस निवडला, त्याला पाठवले आणि त्याच्या परतण्याची वाट पाहिली. ही वाट पाहणेच सर्वांत कठीण असते.

रक्ताने माखलेला झगा

उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण तिची सुरुवात एका बापाच्या काळजीतून होते, हे आपल्या लक्षात राहत नाही. याकोबाची मुले कळप घेऊन शखेमाकडे गेली होती. शखेम हे तेच शहर, जिथे शिमोन आणि लेवी यांनी पूर्वी रक्तपात केला होता आणि आता आजूबाजूचे लोक आपल्यावर उठतील अशी धास्ती याकोबाने घेतली होती. अशा ठिकाणी मुले गेलेली. म्हणून बापाने योसेफाला पाठवले, की भाऊ बरे आहेत का ते पाहून ये आणि मला सांग.

पुढचे ठाऊकच आहे. भावांनी योसेफाला विकले, त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवला आणि बापाकडे पाठवून दिला. इथे एक बारकावा आहे. 'योसेफ मेला' असे ते बोललेच नाहीत. हा झगा तुमच्या मुलाचा आहे का ते ओळखा, एवढेच विचारले. झगा खरा होता. रक्तही खरेच होते. हिंस्र पशूने खाल्ले, हा निष्कर्ष याकोबाने स्वतः काढला, आणि जिवंत मुलासाठी तो वर्षानुवर्षे शोक करीत राहिला.

आज फोनवर येणाऱ्या चित्रांचे नेमके असेच असते. जळणारी बस खरी असते, फक्त ती दुसऱ्या राज्यातली, पाच वर्षांपूर्वीची असते. रडणारी बाई खरी असते, तिच्या रडण्याचे कारण मात्र खाली लिहिले आहे ते नसते. १९९२ मध्ये आपल्याला बातमी फार थोडी मिळत होती. आता इतकी मिळते की तिच्यातून खरी वेचून काढणे मुश्किल. काळजीने पोखरलेले मन तर अशा चित्रावर लगेच विश्वास ठेवते, कारण त्याला जे भय आधीपासून आहे तेच ते चित्र दाखवते. आणि मग आपण ते चार जणांना पाठवतो. वाईट हेतूने नव्हे, 'सावध राहा' म्हणून.

या 'सावध राहा'चा परिणाम काय होतो? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे असे संदेश त्या दिवसांत फोनवर फिरत होते. ते पाचही जण पोटासाठी भिक्षा मागत आलेले. मारणारे बहुतेक आपल्या मुलांच्या काळजीने घाबरलेलेच होते. म्हणजे काळजी मुलांविषयीची आणि बळी परक्याच्या मुलांचा. १७ मार्च २०२५ रोजी नागपुरात हिंसाचार झाला, त्यामागेही अफवा पसरल्याचे मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले.

वेशीत बसलेला राजा

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा अठरावा अध्याय आम्हाला या विषयावर सर्वांत जवळचा वाटतो. दावीद राजाचा मुलगा अबशालोम बापाविरुद्ध उठला आहे. लढाई एफ्राइमाच्या रानात चालू आहे आणि म्हातारा राजा महनाइम नगराच्या दोन दरवाजांच्या मध्ये, बातमीची वाट पाहत बसला आहे. छपरावर पहारेकरी. एक माणूस धावत येताना दिसतो. एकटा आहे, म्हणजे बातमी आणतो आहे. मग दुसरा दिसतो. पहिला अहीमास. जवळ येताच तो सगळे ठीक असल्याचे सांगतो. राजा विचारतो, तो तरुण, अबशालोम, सुखरूप आहे ना? अबशालोम मेला हे अहीमासाला ठाऊक आहे, पण तो सांगतो, की गोंधळ मोठा दिसला, नेमके काय ते कळले नाही. मग कूशी येतो आणि खरे काय ते कळते. राजा वेशीवरच्या खोलीत जाऊन ऊर फुटेस्तोवर रडतो.

ज्या आईबापांनी मुलाच्या खबरेची वाट पाहिली आहे त्यांना दावीद समजावून सांगावा लागत नाही. पण याच अध्यायात लिहिले आहे, की त्या दिवशी वीस हजार माणसे पडली. राजाने त्यांच्याविषयी एकदाही विचारले नाही. नंतर सेनापती यवाब त्याला फार कठोर बोलला. यवाबाचे हात रक्ताने भरलेले होते, तरी त्या दिवशीचे त्याचे बोलणे निव्वळ खोटे म्हणता येत नाही. त्या वीस हजारांच्याही घरी कोणीतरी दारात बसले होते.

श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात ९०० मृतांची विभागणी आहे: ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ५ अन्य, आणि ४५ 'अज्ञात'. याखेरीज १६८ माणसे बेपत्ता झाली. बेपत्ता म्हणजे ज्यांच्याविषयी ना अहीमास आला ना कूशी. त्यांपैकी ६० जणांच्याच वारसांना भरपाई मिळाली होती. उरलेल्या १०८ जणांच्या कुटुंबांचा शोध घेऊन त्यांना व्याजासह रक्कम द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी दिला. म्हणजे जवळपास तीस वर्षांनी. कोणाची आई तोवर राहिली असेल, कोणाची नसेल.

आपल्या जुन्नरच्या पेठेत, ओतूरच्या बाजारात मुस्लिम कुटुंबे पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यांचीही माणसे मुंबईला, भिवंडीला, कल्याणला आहेत. १९९३ च्या जानेवारीत घाट चढून येणाऱ्या त्याच एसटीकडे त्यांचेही डोळे लागले होते. आपण थोडे ख्रिस्ती लोक या दोन्ही समाजांच्या मध्ये राहतो, दोघांच्या घरी आपले जाणे-येणे आहे. आपल्या मुलाची खुशाली कळल्यावर शेजारणीला "तुमच्याकडचे कसे आहेत?" असे विचारायला काही लागत नाही. पण नेमके त्याच दिवशी ते विचारायचे राहून जाते, कधी भीतीने, कधी संकोचाने. त्याच जानेवारीच्या ९ आणि १० तारखांना पोप जॉन पॉल दुसरे यांनी युरोपातील, विशेषतः बाल्कन देशांतील, युद्ध थांबावे म्हणून असिसी येथे प्रार्थना ठेवली होती, आणि तिथे मुस्लिम व यहुदी प्रतिनिधीही होते. १० तारखेला रविवार होता. मुंबईत त्या दिवशी कितीतरी लोक मिस्सेला घराबाहेर पडू शकले नाहीत.

आणि चांगले काही घडलेच नाही असेही नाही. कल्याणच्या पलीकडची भिवंडी. १९७० आणि १९८४ च्या भीषण दंगलींमुळे तिचे नाव काढले तरी लोक कानाला खडा लावत. तिथे १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. गल्लीगल्लीतले हिंदू आणि मुस्लिम, तेही पुढारी नव्हेत तर साधे कारागीर, दुकानदार, पोलीस शिपायासह नियमाने एकत्र बसत आणि भांडणे तिथेच मिटवीत. परिणाम असा, की डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. एकमेकांचा आवाज ओळखणाऱ्या माणसांत अफवा पसरायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात कोणीतरी खरे काय ते विचारून घेतो. पुढे १९९४ मध्ये मुंबईत अशीच चळवळ उभी राहिली. पोलीस आयुक्त सतीश साहनी, सुशोभा बर्वे आणि माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो यांचा त्यात पुढाकार होता. रिबेरो हे आपल्याच कॅथलिक समाजातले, हे मुलांना जरूर सांगावे.

आता घरातल्या व्यवहाराचे थोडे

शहरात शांतता असतानाच काही गोष्टी करून ठेवाव्यात. मुलगा किंवा मुलगी जिथे राहते तिथल्या घरमालकाचा, खोलीतल्या सोबत्याचा, वसतिगृहाचा नंबर आणि जवळच्या पोलीस ठाण्याचे नाव कागदावर लिहून देव्हाऱ्यापाशी ठेवावे. फोनमध्ये साठवलेला नंबर फोन बंद पडला की उपयोगाचा राहत नाही. गडबड सुरू झाली की घरातून एकानेच फोन करावा. मामा, काका, आत्या सगळ्यांनी मिळून पन्नास फोन केले की त्या मुलाची बॅटरी संपते, आणि मग खरोखर गरज पडेल तेव्हा त्याचा फोन लागत नाही. विचारायचे थोडेच: कुठे आहेस, सोबत कोण आहे, पाणी आणि औषध आहे का, पुन्हा किती वाजता बोलू. ठरलेल्या वेळेला बोलावे, मधल्या वेळेत प्रार्थना करावी, गुरांचे पाहावे. इंटरनेट बंद केले जाते तेव्हा व्हॉट्सॲप गप्प होते, पण साधा फोन आणि साधा संदेश बऱ्याचदा चालू असतो. उत्तर आले नाही म्हणजे काही वाईटच झाले, असे नव्हे.

आणि "असशील तसा निघून ये" असे घाबरून सांगू नका. वरचे आकडे इथे आठवावेत. ९०० पैकी ३५६ माणसे गोळीबारात गेली, ३४७ भोसकली गेली. बंद दारामागे सगळेच वाचतात असे नाही, जाळपोळीतही माणसे गेली. पण संचारबंदीत, अनोळखी रस्त्यावर, स्टेशन गाठण्यासाठी निघालेला माणूस दोन्ही बाजूंच्या तावडीत सापडू शकतो. राहती जागाच धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी. मग ११२ वर फोन करून पोलिसांची मदत घ्यायला सांगावे. टीव्हीवर 'जमावबंदी' आणि 'संचारबंदी' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. जमावबंदीत पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र जमायचे नसते, संचारबंदीत घराबाहेरच पडायचे नसते. कोणती आहे हे मुलालाच विचारावे, तो तिथे आहे. घरात आजी-आजोबा असतील तर टीव्ही दिवसभर चालू ठेवू नये. तेच दृश्य तीस वेळा दाखवले तरी त्यांना त्या तीस वेगवेगळ्या घटना वाटतात.

फोनवर आलेले चित्र किंवा संदेश पुढे पाठवण्याआधी, हे कोणी पाहिले, कधी, कुठे, एवढे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर ते तिथेच राहू द्यावे. पण खरी, धोक्याची माहिती हाती आली तर ती दाबूनही ठेवू नये. याचाही दाखला प्रेषितांच्या कृत्यांत, तेविसाव्या अध्यायात आहे. यरुशलेमेत पौलावर जमाव तुटून पडला तो एका गैरसमजातून. त्रफिम नावाच्या इफिसकराला लोकांनी पौलाबरोबर शहरात पाहिले आणि पौलाने त्याला मंदिरात नेले असे धरून चालले. मग चाळीसहून अधिक जणांनी पौलाला मारल्याशिवाय अन्नपाणी घ्यायचे नाही अशी शपथ घेतली. हे पौलाच्या बहिणीच्या मुलाच्या कानावर आले. तो बाजारात ओरडत सुटला नाही. तो गढीत गेला, मामाला सांगितले, मामाने त्याला सरदाराकडे पाठवले. सरदाराने त्या मुलाचा हात धरून त्याला बाजूला नेले, सगळे ऐकून घेतले आणि हे कोणाला सांगू नकोस अशी ताकीद दिली. त्याच रात्री पौलाला मोठ्या बंदोबस्तात कैसरियाला हलवले गेले.

या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेच्या वेळी हा भाग मोठ्याने वाचावा आणि लहानमोठ्यांनी मिळून बोलावे: आपल्या घरचे कोण कोण बाहेरगावी आहे, त्यांचे नंबर कागदावर आहेत का, आणि शेजारच्या कोणत्या घरची माणसे त्याच शहरात आहेत. त्या भाच्याचे नाव लूकने दिलेले नाही. त्याची आई, म्हणजे पौलाची बहीण, त्या रात्री कुठे होती तेही लिहिलेले नाही. भाऊ कैदेत आणि मुलगा सैनिकांच्या गढीत गेलेला. तो घरी परत येईपर्यंत तिने काय केले असेल, हे आपल्या मुलांना विचारून पाहा.